सैतानाच्या नखांचे ओरखडे

हिरोशिमाच्या तोयो कोग्यो कंपनीचे अभियंते १९६१ साली जर्मनीतल्या नेकार्सुल्म या गावी गेले, ते एनएसयू कंपनीकडून एका नव्या इंजिनाची विद्या शिकून घ्यायला. परवाना मिळाला होता, जपान सरकारची मंजुरीही हातात होती. परतताना आराखडे आले, ४०० सीसीचे एक नमुना इंजिन आले आणि त्यांच्यासोबत एक वाईट बातमीही आली. हे इंजिन काही काळ सलग चालवले की त्याच्या आतल्या आरशासारख्या भिंतीवर ओरखडे उठत. आराखड्यांवरून हिरोशिमात स्वतः बांधलेल्या इंजिनातही तेच झाले. जर्मनांकडे त्यावर पक्का उपाय नव्हता.

तोयो कोग्यो म्हणजे आजची माझदा. आणि ते इंजिन म्हणजे वांकेलचे रोटरी इंजिन. त्याच्या यशापयशाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, पण बहुतेक ठिकाणी गाड्यांचा, वेगाचा आणि शर्यतींचा इतिहास सांगितला जातो. मला त्यात जास्त मोलाचा वाटतो तो एका पृष्ठभागाचा इतिहास. मिलिमीटरच्या काही शतांश जाडीच्या लेपाने दोन कंपन्यांची दैवे ठरवली. झिजेला तोंड देणारा लेप कसा आखायचा, याचे इतके उघडेवाघडे, इतके महागडे शिक्षण उद्योगाच्या इतिहासात क्वचितच कुणी घेतले असेल.

फेलिक्स वांकेल विद्यापीठात शिकलेला नव्हता. गोलाकार फिरणाऱ्या इंजिनाचा ध्यास त्याने तरुणपणीच घेतला आणि त्याची खरी हुकमत होती ती सीलबंदीवर. वायू निसटू न देता हलणारे भाग एकमेकांना कसे भिडवायचे, या प्रश्नावर त्याने वर्षानुवर्षे काम केले. त्याचे पहिले इंजिन १ फेब्रुवारी १९५७ रोजी एनएसयूमध्ये सुरू झाले. तिथल्याच हान्स डीटर पाश्केने त्याची रचना सोपी केली आणि पुढची सगळी रोटरी इंजिने त्या सोप्या रूपावरूनच निघाली. भुईमुगाच्या दोन दाण्यांच्या शेंगेसारखी, मध्ये किंचित चिमटलेली पोकळी आणि तिच्यात फिरणारा फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर. पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाहीत, वर-खाली हादरे नाहीत. रोटरची तिन्ही टोके सतत भिंतीला टेकलेली राहतात आणि त्यांच्यामध्ये तीन कप्पे तयार होतात. इंधन ओढणे, दाबणे, पेटवणे आणि धूर बाहेर टाकणे हे सगळे याच कप्प्यांत चालते.

ती तीन टोके हाच या इंजिनाचा प्राण आणि तोच त्याचा रोग. प्रत्येक टोकाच्या खाचेत एक पट्टी बसवलेली असते, तिला ॲपेक्स सील म्हणतात. नेहमीच्या इंजिनातली पिस्टन रिंग तुलनेने सुखात असते. ती सिलिंडरला रुंद पट्ट्यात टेकते, तिच्याखाली तेलाचा पातळ थर राहतो आणि तिची बाजू कायम एकच असते. ॲपेक्स सीलला यातले काहीच मिळत नाही. ते भिंतीला फक्त एका रेषेत टेकते. पोकळीचा आकार वाकडा असल्यामुळे टेकण्याचा कोन क्षणाक्षणाला बदलतो. एका बाजूला स्फोटाचा दाब असतो, दुसऱ्या बाजूला नसतो. मागून वायू रेटतो, फिरण्याचा जोर बाहेर ओढतो, आणि तेल म्हणाल तर नावापुरते.

बरे, भिंत कसली? ॲल्युमिनियमची. हलकी आणि उष्णता चटकन वाहून नेणारी, म्हणून ॲल्युमिनियम हवेच. पण ते मऊ, त्यावर सील घासले तर बघता बघता खड्डा पडेल. म्हणून आतून कठीण लेप द्यायचा. त्या काळी या कामासाठी पहिले नाव सुचे ते हार्ड क्रोमचे. आपल्याकडे भोसरीच्या किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत हार्ड क्रोम म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. क्रोमिक आम्लाच्या टाकीत वस्तू टांगायची, वीज सोडायची आणि तिच्यावर क्रोमियमचा थर चढवायचा. हा थर कडक पोलादाहूनही कठीण, विकर्स मोजमापात साधारण ९०० ते १००० भरतो. त्याला एकच खोड, तेल त्याच्यावर नीट पसरत नाही. तेल धरून ठेवावे म्हणून थर चढवल्यावर विजेची दिशा उलटी करून त्यात बारीक रंध्रे पाडायची युक्ती हेंड्रिक व्हान डेर होर्स्ट या डच अभियंत्याने आधीच रूढ केली होती. थोडक्यात, क्रोमचे शास्त्र तयार होते, अनुभव होता आणि त्याच्यावर भरवसाही होता.

तरीही ओरखडे उठले. खरे तर ओरखडे हा शब्दही अपुरा. इंजिन उघडून पोकळीत दिवा धरला की चकचकीत क्रोमवर सारख्या सारख्या अंतरावर आडवे वळ दिसत. वळावर बोट फिरवले तर खळगा लागे, मग उंचवटा, मग पुन्हा खळगा. काही ठिकाणी क्रोमचा थर सोलून निघालेला असे. एकदा हे सुरू झाले की सील त्या खळग्यांवरून उड्या घेत जाई, वायू निसटे, इंजिनाची ताकद जाई आणि ते बंद पडे. हिरोशिमातले लोक त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणू लागले. दुसऱ्या एका दुखण्याचे, म्हणजे तेल जळून निघणाऱ्या दाट पांढऱ्या धुराचे, नाव त्यांनी काची-काची यामा ठेवले होते. ते जपानमधल्या एका लोककथेचे नाव.

हे काम ज्याच्याकडे आले तो केनिची यामामोतो. टोकियोच्या शाही विद्यापीठात यंत्र अभियांत्रिकी शिकलेला, युद्धकाळात विमानांच्या कामावर राहिलेला. युद्ध संपल्यावर तो हिरोशिमाला घरी परतला तेव्हा शहर उरले नव्हते. अणुबाँबने त्याच्या बहिणीचाही बळी घेतला होता. तोयो कोग्योचा कारखाना मात्र हिजीयामा टेकडीच्या आडोशाला असल्यामुळे बचावला. १९४६ साली यामामोतो तिथे लागला तो साधा कामगार म्हणून, गिअरबॉक्स जुळवण्याच्या कामावर. तिथून तो वर चढत गेला. १९६३ साली रोटरी इंजिनासाठी वेगळा विभाग काढला गेला, तेव्हा त्याच्या हाताखाली ४७ जण होते. हा आकडा जपानी माणसाला लगेच ४७ रोनिनांची आठवण करून देतो, धन्यासाठी सर्वस्व पणाला लावणाऱ्या त्या सामुरायांची. यामामोतोने सहकाऱ्यांना सांगितले, यापुढे झोपेतही हेच इंजिन डोक्यात ठेवा.

एवढी निकड कशाची? अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदांना दिसत होते की सरकार जपानमधल्या लहान मोटार कंपन्या मोठ्यांत विलीन करायच्या विचारात आहे. स्वतःची म्हणता येईल अशी एखादी विद्या हातात नसेल, तर तीनचाकी टेम्पो बनवून मोठी झालेली ही कंपनी नकाशावरून पुसली जाईल, हे त्यांना स्पष्ट दिसत होते. म्हणून हा डाव.

पहिली काही वर्षे त्यांनी सगळे करतात तेच केले. सीलची सामग्री बदलून पाहिली. निरनिराळी ओतीव लोखंडे, मिश्रधातू, जे हाती येईल ते. गाईघोड्यांची हाडेसुद्धा सील म्हणून लावून पाहिली, असे सांगतात. भिंतीचे क्रोम बदलले, थराची जाडी बदलली, तेलाचे प्रमाण बदलले. इंजिनामागून इंजिन बाद झाले. या सगळ्या खटाटोपामागे एक गृहीत होते. ओरखडा पडतो म्हणजे भिंत मऊ पडते किंवा सील फार कठीण आहे, तेव्हा कठीणपणाचे गणित जुळवले की सुटलो. हे गृहीत साहजिक आहे. आजही कारखान्यात एखादा भाग झिजला की पहिली सूचना हीच येते, आणखी कठीण काहीतरी चढवा.

नुसती झीज असती तर ती सलग झाली असती. वळ मात्र ठरावीक अंतरावर होते, आणि त्या अंतरातच उत्तर दडले होते. सारख्या अंतराची खूण म्हणजे सारख्या काळाने पडणारा घाव. सील नुसते घासत नव्हते, ते कंप पावत होते. घर्षणाने ते अडते, मग सुटते, पुन्हा अडते, पुन्हा सुटते. असे होताना ते आपल्या स्वाभाविक कंपनसंख्येने थरथरते आणि भिंतीवर टोले मारत जाते. दर फेरीला टोले जवळपास त्याच जागी पडले की तिथे खळगा होतो. मग तो खळगाच सीलला पुढचा टोला मारायला भाग पाडतो.

एकदा दुखणे कंपनाचे आहे हे पटल्यावर उपायाची दिशाच बदलली. सीलच्या लांबीत, भिंतीला टेकणाऱ्या कडेजवळ एक आडवे भोक आणि त्याला छेदणारी उभी भोके पाडण्यात आली. धातू तेच ओतीव लोखंड, फक्त आतून पोकळ. पोकळ झाल्यामुळे त्याची कंपनसंख्या बदलली, लय मोडली. हे क्रॉस-हॉलो सील बसवलेले इंजिन ३०० तास सलग वेगात चालले आणि उघडल्यावर भिंत स्वच्छ निघाली. क्रोमला हातही न लावता क्रोम वाचले होते.

या प्रसंगाला मी या साऱ्या इतिहासात सर्वांत वरचे स्थान देतो. पृष्ठभाग एकट्याने झिजत नाही. त्याची झीज ठरते ती जोडीदारावरून, दोघांमधल्या तेलावरून, त्यांच्या वजनावरून, तापमानावरून आणि थरथरीवरून. लेपाचा कठीणपणा हा या हिशेबातला केवळ एक आकडा. हिरोशिमातल्या त्या माणसांनी तो हिशेब पुस्तकातून नव्हे, तर मोडक्या इंजिनांच्या ढिगातून मांडला. ब्रिटनमध्ये पीटर जोस्ट यांच्या समितीने घर्षण, वंगण आणि झीज यांचे एकत्र शास्त्र असले पाहिजे असा अहवाल दिला तो १९६६ साली. तेव्हा हिरोशिमात त्या शास्त्राची प्रात्यक्षिके होऊन गेली होती.

पोकळ सील हजारोंच्या संख्येने बनवणे मात्र अवघड होते. म्हणून निप्पॉन कार्बन कंपनीच्या मदतीने दुसरा मार्ग काढला. कार्बनच्या सच्छिद्र पट्टीत वितळलेले ॲल्युमिनियम दाबाने भरायचे. कार्बन स्वतःच निसरडा, त्याला वेगळ्या तेलाची फारशी गरज नाही. हलका असल्यामुळे त्याचा टोलाही हलका बसतो. त्यात भरलेले ॲल्युमिनियम त्याला मोडू देत नाही. या सीलच्या १,००० तासांच्या चाचण्या झाल्या. १,००,००० किलोमीटर चालल्यावर सील जेमतेम ०.८ मिलिमीटर झिजले आणि भिंतीवर एकही वळ नव्हता. जोडीतला एक कठीण असेल तर दुसऱ्याने थोडे झिजून त्याला सांभाळून घ्यायचे, अशी ही आखणी.

३० मे १९६७ रोजी कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली. दोन रोटर, एकूण ९८२ सीसी, ११० अश्वशक्ती. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये नुर्बुर्गरिंगच्या ८४ तासांच्या अखंड शर्यतीत दोन कॉस्मो उतरल्या. एक चौथी आली. दुसरी अखेरच्या टप्प्यात बाद झाली, पण इंजिनामुळे नव्हे.

मूळ मालक एनएसयू या काळात काय करत होती? १९६७ सालीच तिने आरओ ८० ही गाडी आणली. आजही ती पाहिली तर पुढच्या पिढीतली वाटावी इतकी सुरेख. १९६८ सालच्या युरोपातल्या सर्वोत्तम मोटारीचा मान तिला मिळाला. तिच्या इंजिनाच्या भिंतीवर क्रोम नव्हते, तर नवा लेप होता. निकेलच्या द्रावणात सिलिकॉन कार्बाइडची काही मायक्रॉनची पूड तरंगत ठेवायची आणि वीज सोडायची. निकेल चढताना ते पुडीचे कण आपल्या पोटात घेत चढते. निकेल लवचीक, तडे जाऊ न देणारे, आणि त्यात रोवलेले कण हिऱ्याच्या खालोखालच्या पंगतीतले. वापरात वरचे निकेल कणभर झिजते, कण अंगुळभर नव्हे तर मायक्रॉनच्या अंशाने वर उरतात आणि त्यांच्या मधल्या खोलगट जागेत तेल टिकते. माले या जर्मन कंपनीने अशाच लेपाला निकासिल हे नाव दिले. कागदावर पाहिले तर हा लेप क्रोमपेक्षा सरस होता, आणि माझ्या मते तो खरोखरच सरस आहे.

तरी आरओ ८० कोलमडली, आणि कोलमडली ती लेपामुळे नव्हे तर सीलमुळे. तिचे ॲपेक्स सील तीन तुकड्यांचे होते आणि तिन्ही तुकडे एकाच धातूचे. थंड इंजिन सुरू करताना मधल्या तुकड्याची झीज जास्त होई. तो झिजला की बाजूचे तुकडे सैल पडत आणि जळता वायू निसटे. कित्येक गाड्यांची इंजिने ५०,००० किलोमीटरच्या आत गेली. कंपनीने हमीखाली ती उदारपणे बदलून दिली, आणि हा उदारपणा तिच्या तिजोरीला झेपला नाही. पुढे मधला तुकडा फेरोटिक या टायटॅनियम कार्बाइडयुक्त सामग्रीचा केला आणि दुखणे आटोक्यात आले. तोवर उशीर झाला होता. १९६९ साली एनएसयू फोक्सवॅगनच्या ऑटो युनियनमध्ये विलीन झाली. आरओ ८० १९७७ पर्यंत बनत राहिली, एकूण ३७,३९८. भिंत उत्तम होती, पण तिच्या जोडीदाराची नीट परीक्षा झाली नव्हती.

माझदानेही कार्बनवर समाधान मानले नाही. भिंतीवरही काम चालूच ठेवले. क्रोम थेट ॲल्युमिनियमवर चढवले तर खाली आधार मऊ राहतो आणि भार पडला की वरचा कडक थर तडकतो. म्हणून दोघांच्या मध्ये पोलाद घालायची पद्धत त्यांनी बसवली. आधी साच्याच्या गाभ्यावर वितळलेल्या पोलादाचा फवारा मारायचा, मग त्याभोवती ॲल्युमिनियम ओतायचे. गाभा काढून घेतला की पोलादाचा थर ॲल्युमिनियमला चिकटून राही. पुढे तर करवतीसारखे दाते असलेला पोलादी पत्राच साच्यात ठेवून त्याभोवती ॲल्युमिनियम ओतू लागले. दात्यांत ॲल्युमिनियम घट्ट बसे आणि क्रोम चढे तो पोलादावर. तेल धरण्यासाठी क्रोमला बारीक रंध्रे. सीलही कार्बनचे जाऊन पुन्हा ओतीव लोखंडाचे आले, पण आता त्याची कड इलेक्ट्रॉन किरणांनी वितळवून झटकन गार केलेली. कड कठीण, पोट चिवट. १९६३ साली ज्या लोखंडाने छळले होते तेच आता नीट वागू लागले, कारण त्याच्या भोवतीचे सगळे बदलले होते.

१९७३ च्या तेलटंचाईने रोटरी इंजिनाला जबर फटका दिला. ते इंधन जास्त पिई, आणि हा दोष पृष्ठभागाचा नसून पोकळीच्या आकाराचा होता. त्यावर लेप उपाय करू शकत नव्हता. बाकीच्या बहुतेक कंपन्यांनी हात टेकले. माझदाने टेकले नाहीत. २३ जून १९९१ रोजी ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत माझदाची ७८७बी पहिली आली. चार रोटरच्या त्या इंजिनात सील सिरॅमिकचे होते. ल मान्स जिंकणारी ही पहिली जपानी कंपनी. यामामोतो तोवर कंपनीचे अध्यक्षपद भूषवून गेले होते. २०१७ साली वयाच्या ९५व्या वर्षी ते वारले.

निकासिलचे पुढे काय झाले, हेही सांगायला हवे. ज्या इंजिनासाठी तो जन्मला ते मागे पडले, पण साध्या पिस्टनच्या इंजिनांनी त्याला उचलून धरले. पोर्शने १९७० च्या सुमारास ९१७ या शर्यतीच्या गाडीत आणि मग १९७३ च्या ९११ कॅरेरा आरएसमध्ये तो वापरला. बीएमडब्ल्यू आणि जॅग्वार यांनी नव्वदीच्या दशकात रोजच्या वापराच्या गाड्यांत आणला आणि तिथे त्याने पुन्हा धडा दिला. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये काही ठिकाणच्या पेट्रोलमध्ये गंधक जास्त होते. थंडीत जवळच्या जवळ फेऱ्या मारणाऱ्या गाड्यांचे इंजिन पुरेसे तापत नसे, आत आम्ल जमे आणि ते निकेलला खाई. सिलिकॉन कार्बाइडचे कण जागच्या जागी शाबूत, पण त्यांना धरून ठेवणारे निकेलच गेले तर ते कशाच्या आधाराने राहणार? कंपन्यांना इंजिने बदलून द्यावी लागली, आणि त्यांनी त्या गाड्यांत हा लेप सोडून दिला. प्रयोगशाळेत घर्षणाच्या सगळ्या कसोट्यांना उतरलेला लेप पेट्रोलपंपावर हरला होता. ज्याला लेपाची आखणी करायची आहे त्याने इंधनाचाही विचार केला पाहिजे, हे तेव्हा कळले. गंधक कमी झालेल्या पेट्रोलवर मात्र तोच लेप व्यवस्थित टिकतो.

माझदाने २०२३ साली एमएक्स-३० या विजेवरच्या गाडीत बॅटरी भारित करण्यासाठी पुन्हा एक रोटरी इंजिन बसवले. त्यात ॲपेक्स सीलची जाडी २ वरून २.५ मिलिमीटर केली आहे आणि बाजूच्या भिंती ॲल्युमिनियमच्या करून त्यांच्यावर अतिवेगवान ज्योतीने लेप फवारला आहे. आणि हिरोशिमा किंवा नेकार्सुल्मपर्यंत जायचे नसेल, तर चाकणच्या बजाज कारखान्यातून बाहेर पडलेली केटीएम ३९० ड्यूक पाहा: तिच्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडरला आतून निकासिलचाच लेप आहे.